फराळाचा डबा, मार्फत ५६ एपीओ

डब्यावर पत्ता लिहायला बसलेली लेकरं दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात. "काकू, यात गावाचं नाव कुठंय?"

नसतंच ते. जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, त्याचं युनिट आणि शेवटी "मार्फत ५६ एपीओ" किंवा "मार्फत ९९ एपीओ", एवढंच. ना लेह, ना तवांग, ना कुठली चौकी. पाकीट ज्याच्या हातात पडेल त्याला पलटण कुठे आहे ते कळू नये, म्हणून ही सोय. खाली सहा आकडी पिन असतो, तो ९ ने सुरू होतो. आपला महाराष्ट्राचा ४ ने होतो. देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा फौजेच्या टपालासाठी राखून ठेवला. ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित आणि कवी. लेकरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे अशी बघतात की जणू पिनकोड झाडाला लागतो असंच त्यांना वाटत होतं.

फौजेच्या मागोमाग टपाल कचेरी जाण्याची रीत मात्र त्याच्याही खूप आधीची. १८५६ साली इराणच्या मोहिमेवर हिंदी फौज गेली तेव्हा तिच्याबरोबर पहिल्यांदा अशी फिरती टपाल कचेरी गेली. म्हणजे आमचा डबा ज्या वाटेने जातो ती वाट दीडशे वर्षांहून जुनी आहे. त्या वाटेवरून काय काय गेलं, ते पाठवणाऱ्याने काय विचार करून पाठवलं आणि घेणाऱ्याला त्याचं काय झालं, हे मी गेली दोन-तीन वर्षं जमेल तसं वाचत आले आहे. आज त्यावरच लिहायचं आहे.

आधी आमच्या डब्याविषयी, कारण काही मैत्रिणींनी विचारलं आहे. दिवाळीच्या तीन आठवडे आधी कॉलेजची दहा-पंधरा मुलंमुली आमच्या घरी जमतात. अनोळखी जवानांना अनोळखी घरातून खाण्याचा डबा पाठवायचा नाही, हा पहिला नियम. तसा डबा सुरक्षेपायी उघडलाच जात नाही आणि ते बरोबरच आहे. आम्ही आमच्या भागातल्याच फौजेत असलेल्या मुलांच्या घरी जातो, आईवडिलांकडून पत्ता घेतो, आणि डब्यात त्यांच्या हाताची चिठ्ठी घालतो. डबा एकाच्या नावाने जातो, पण खाते त्याची अख्खी बराक. दुसरा नियम, पत्त्याचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला तर अजिबात नाही. पहिल्या वर्षी हे ऐकून तोंडं उतरली होती. आता जुनी मुलंच नव्यांना दटावतात. तुमच्याकडे ओळखीची घरं नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, तिथे नीट वाट सांगतात.

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे वही माझ्याकडे. एका डब्याला किती किलो, पोस्टाला किती, पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि चिकटपट्टीला किती, सगळं लिहिलेलं असतं. वहीच्या मागच्या पानांवर काय टिकलं आणि काय नाही याची नोंद आहे, ती मला पुढच्या पानांहून महत्त्वाची वाटते. करंजी पोट फोडून येते. चकलीचा चुरा होतो. चिवड्यातल्या खोबऱ्याला वास लागतो. शंकरपाळी मात्र प्रवासालाच जन्माला आलेली आहे. बेसनाचा लाडू थंडीत दगड होतो, एका मुलाने कळवलं होतं, "लाडू चहात बुडवून फोडला, पण मजा आली." आपल्या जैन घरांमध्ये कोणता जिन्नस किती दिवस चालतो याची मर्यादा पाळायची सवय असतेच. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे सासूबाईंनी मला हळदीच्या अंगाने शिकवलं होतं. जे पाण्याशिवाय बनलं ते जास्त टिकतं, हेही त्याच शिकवणीतलं. डबे भरताना हे ज्ञान इतकं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

आणि मग आमच्या भागाचा खरा मानकरी, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सोलापूर-नळदुर्गच्या माणसाला दुसरं काही नको. पण चटणीत लसूण हवा, आणि आमच्या घरात लसूण येत नाही. पहिल्या वर्षी बिनलसणाची चटणी पाठवायचं माझ्या मनात होतं. त्यावर एक मुलगी म्हणाली, "काकू, डबा त्यांचा आहे ना?" तिचंच खरं होतं. तेव्हापासून चटणी तिच्या घरी कुटली जाते, तिची आई उखळात कुटते, तेल सुटेपर्यंत. बंद डब्यातून आमच्याकडे येते आणि तशीच खोक्यात जाते. मी तिची चव घेतलेली नाही, पण दरवर्षी सगळ्यात जास्त कौतुक तिचंच होतं.

डबा पाठवणाऱ्याच्या चवीचा की घेणाऱ्याच्या? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी जुनं वाचायला लागले, आणि पहिलीच गोष्ट सापडली ती १९१४ च्या नाताळची.

पहिलं महायुद्ध सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते. इंग्लंडच्या राजाची मुलगी, राजकन्या मेरी, तेव्हा सतरा वर्षांची होती. आमच्या कॉलेजच्या मुलींएवढी. तिच्या नावाने वर्गणी गोळा झाली आणि आघाडीवरच्या प्रत्येक सैनिकाला नाताळला पितळेची एक छोटी डबी पाठवायचं ठरलं. झाकणावर तिचा चेहरा कोरलेला. नाताळपर्यंत साडेतीन लाखांवर डब्या पोचल्या, पुढे युद्धभरात पंचवीस लाखांच्या वर वाटल्या गेल्या. आत बहुतेकांना तंबाखू आणि सिगारेटी. पण त्या वेळी फ्रान्सच्या चिखलात हिंदी सैनिकही उभे होते, सप्टेंबरच्या शेवटी मार्सेय बंदरात उतरलेले. त्यांच्यासाठी वेगळा विचार झाला. शीख तंबाखूला शिवत नाहीत, म्हणून त्यांच्या डबीत खडीसाखर आणि सोबत मसाल्याची लहान डबी. इतर बऱ्याच हिंदी सैनिकांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. पाणी वाहणारे भिस्ती आणि इतर नोकर-चाकर, त्यांना मसाल्याची डबी.

मला या यादीत दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे लंडनमध्ये कोणीतरी बसून विचारलं होतं की हा माणूस काय खातो. त्या काळच्या साहेबी कारभारात ही लहान गोष्ट नव्हे. आणि दुसरी, भिस्त्याला सगळ्यात कमी. पाणी सगळ्यांनी त्याच्या पखालीतलं प्यायचं आणि डबी मात्र त्याला धाकटी. पंगतीत शेवटच्या पानाला तूप कमी पडतं ते तिथेही पडलं.

फ्रान्समध्ये खडीसाखर पोचली, पण मेसोपोटेमियात काय झालं ते वाचताना जीव कळवळतो. आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या वळणात कूट नावाचं गाव आहे. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तीत १०३ आणि ११० या मराठा पलटणी होत्या, म्हणजे आपल्या घाटावरची, कोकणातली शेतकऱ्यांची पोरं. वेढा १९१५ च्या डिसेंबरात पडला आणि १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, शरणागतीने संपला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी खाल्लं. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या, त्या आल्याही, तरी कितीतरी जण अखेरच्या आठवड्यांपर्यंत तयार होईनात. कारण काय, तर गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, आपल्या घरात मुलगी कोण देईल. भाजीपाला नाही, मांस नाही, नुसतं मूठभर पीठ, त्याने हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही हिंदी पलटणींत पसरला.

साहेबांच्या लिखाणात या नकाराबद्दल वैताग दिसतो. मला तो वैताग समजतो, वेढ्यात अडकलेल्या सेनापतीला प्रत्येक पोट मोजावं लागतं. पण ज्या घरात आपण काय खातो यावर आपण कोण ते ठरतं, अशा घरात माझी चाळीस वर्षं गेली. ती पोरं हट्टी नव्हती. मरायला ती तयार होती, फक्त परत जाण्याजोगं घर उरावं एवढंच त्यांना हवं होतं.

याच कूटमध्ये एक नवलही घडलं. एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून पिठाच्या आणि साखरेच्या गोण्या वेढ्यात टाकल्या गेल्या. वेढ्यातल्या फौजेला विमानातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न मानतात. त्याच्याही आधी एकदा काय टाकलं माहीत आहे? जात्याचे दगड. जव होते, पण दळायला जातं नव्हतं. आभाळातून जातं पडताना बघून आपल्या मराठा जवानांना काय वाटलं असेल! पण तेरा हजारांच्या आसपास तोंडं, आणि तेव्हाची ती कागदासारखी विमानं. पुरलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात मात्र कोणीतरी शिकलेलं दिसतं. १९३९ च्या अखेरीस लंडनमध्ये 'इंडियन कम्फर्ट्स फंड' नावाचा निधी उभा राहिला. जर्मनांच्या आणि इटालियनांच्या कैदेत हजारो हिंदी सैनिक होते, त्यांच्यासाठी या निधीच्या बायकांनी १९४१ ते १९४५ या काळात सोळा लाखांवर अन्नाची पार्सलं भरली. सोळा लाख! मी पंचवीस डबे भरून झाले की कंबर धरून बसते. त्या पार्सलांतले जिन्नस बघा: डाळ एक पौंड, पीठ एक पौंड, तांदूळ, साखर, चहा, मीठ, डब्यातलं दूध, आणि दोन औंस मसाला पूड. दोन औंस म्हणजे आपले जेमतेम पाच-सहा मोठे चमचे. माशाचा डबा आणि अंड्याची पूडही होती, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. तरी जर्मनीच्या थंडीत तारांच्या कुंपणामागे बसलेल्या माणसाने ती मसाल्याची पुडी उघडली असेल तेव्हा त्या बराकीत कोणता वास पसरला असेल, याचा विचार मी भाजीला फोडणी देताना करते.

स्वातंत्र्यानंतर पाठवणारे हात आपलेच झाले. १९६२ ला चीनने हल्ला केला, आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत बर्फात उभे होते ही बातमी आली आणि देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते त्याच नोव्हेंबरात. राष्ट्रीय संरक्षण निधी तेव्हाचाच, त्यात मंगळसूत्रं आणि बांगड्या पडल्या. मी तेव्हा पाळण्यात होते. १९७१ ची आठवण मला आहे, पण ती अगदी लहान आहे: त्या नोव्हेंबरापासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, निर्वासितांच्या मदतीचं. वडील पत्र लिहायचे आणि ते पाच पैशांचं तिकीट चिकटवायचं काम माझं. १९८४ नंतर सियाचेनवर कायमचे जवान बसले आणि डब्याचा प्रश्नच बदलला. तिथे संत्रं चेंडूसारखं कडक होतं, भूकच मरते, आणि आपण प्रेमाने पाठवलेलं तूप सुरीने कापावं लागतं. आणि १९९९ च्या कारगिलनंतर आपल्याकडच्या साध्या घरांतल्या बायका स्वतः तिथवर जाऊन यायला लागल्या. पुण्याच्या अनुराधा प्रभुदेसाई २००४ मध्ये कारगिल बघून आल्या आणि पुढे त्यांनी 'लक्ष्य फाउंडेशन' काढून कितीतरी तरुण मुलांना जवानांच्या भेटीला नेलं. आमचं काम त्यापुढे चिमणीएवढं आहे, पण चिमणीलाही घरटं असतंच.

आता एक प्रश्न, जो मला मंदिरात दोघींनी विचारला आणि एकीने जरा आवाज चढवूनच विचारला. "आपण अहिंसावाले. सैन्याला कसला डबा?" मी तेव्हा फार बोलले नाही, कारण अभिषेक चालू होता. पण उत्तर आपल्याच शास्त्रात आहे. हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी, आणि गृहस्थाने सोडायची ती ही. चूल पेटवताना, शेती-व्यापार करताना, आणि आपल्यावर कोणी चालून आल्यावर संरक्षण करताना जी घडते ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, कमी करत जायची असते. श्रवणबेळगोळला ज्यांनी बाहुबली भगवंतांची मूर्ती उभी केली ते चामुंडराय गंगांचे सेनापतीच होते. शिवाय भुकेल्याला अन्न देताना त्याच्या हातात काय आहे हे कोण बघतं? असो. मला या प्रश्नापेक्षा दुसरा एक प्रश्न अवघड गेला, आणि तो आमच्या अंगणातला होता.

आमचं नळदुर्ग बाहेरच्यांना माहीत असतं ते किल्ल्यामुळे, बोरी नदीवरच्या पाणीमहालामुळे आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या नर-मादी धबधब्यांमुळे. पण सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर हे गाव निजामाच्या राज्यात शिरतानाच लागायचं, म्हणून १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज हैदराबादकडे निघाली तेव्हा पहिली लढाई झाली ती इथेच. पहाटे चार वाजता फौज सोलापूरच्या बाजूने सरहद्द ओलांडून आली. बोरीवरचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात घेणं सगळ्यात गरजेचं होतं, तो शाबूत मिळाला. नळदुर्गच्या ठाण्यांवर शीख रेजिमेंटची दुसरी पलटण चालून गेली. सकाळी नऊला रणगाडे जळकोटला होते आणि दुपारी सव्वातीनला उमरग्याला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली, तो आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

त्या पहाटे नळदुर्गजवळ हवालदार बचित्तर सिंग यांचं पथक पुढे होतं. लुधियाना जिल्ह्यातल्या लोपों गावचे, तिशी नुकतीच ओलांडलेले. समोरून भरधाव येणाऱ्या शत्रूच्या दोन गाड्या त्यांनी गोळीबार करून अडवल्या आणि ताब्यात घेतल्या. पुढे एका पक्क्या ठाण्यावरून मशीनगन चालू झाली. ते तिच्यावर चालून गेले, तीसेक यार्डांवर असताना मांडीत गोळ्या घुसल्या. तसेच सरपटत गेले, दोन हातबॉम्ब टाकले आणि मशीनगन बंद पाडली. मागे न्यायला आलेल्यांना नकार दिला आणि तिथेच गेले. स्वतंत्र भारताच्या अशोकचक्राचे जे अगदी पहिले मानकरी, त्यांत त्यांचं नाव आहे.

मी हे मुलांना सांगितलं तेव्हा एकालाही माहीत नव्हतं. आपण दरवर्षी कुठल्या कुठे डबे पाठवतो, आणि ज्या रस्त्याने रोज कॉलेजला जातो त्या रस्त्यावर पंजाबातला एक माणूस पडला हे आपल्याला माहीत नाही. सगळी गप्प झाली. एक मुलगा म्हणाला, त्यांना तेव्हा कोणी जेवायला घातलं असेल का हो? मला त्याचं उत्तर देता आलं नाही. रझाकारांच्या भीतीने इकडची कितीतरी घरं सोलापूरकडे निघून गेली होती, चुली बंद होत्या.

आणि तेव्हाच, चटणीवाली मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या घरात अठ्ठेचाळीसचं कोणी बोलत नाही. दादी नुसतं 'तब' म्हणते आणि उठून जाते."

ती मुसलमान आहे. हे मी आधी सांगितलं नाही, कारण चटणीला त्याची गरज नव्हती. पण इतिहास सांगायचा तर अर्धा सांगून चालत नाही. पोलीस कारवाई पाच दिवसांत संपली. त्यानंतर मराठवाड्यात जे झालं ते पाच दिवसांत संपलं नाही. पंडित नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच हिवाळ्यात गावोगाव फिरली. तिच्या अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, होता. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार खरे होते, त्यांनी जाळलेली गावं खरी होती. पण सूड निघाला तो ज्यांनी काही केलं नव्हतं अशांवरही. अहवालात फौजेबद्दल दोन्ही लिहिलं आहे: काही ठिकाणी गणवेशातले लोक लुटीत सामील झाले, आणि काही ठिकाणी सैनिकांनीच मुसलमान बायकामुलांना वाचवलं. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही. आमच्या लहानपणी कोणी याबद्दल बोलत नसे. माझ्या माहेरी बोललं जायचं ते फक्त रझाकारांबद्दल.

मी त्या मुलीला म्हटलं, तुला हे काम नको वाटत असेल तर मोकळेपणाने सांग, चटणीचं आम्ही बघू. ती माझ्याकडे जरा रागानेच बघत राहिली. "काकू, माझा मामेभाऊ फौजेत आहे. त्याचा पत्ता मीच दिलाय ना तुम्हाला?" खरंच, वहीत तो पत्ता होता. मी आडनाव वाचलं होतं, पण नातं मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी डबे भरून झाले नाहीत. मुलं बोलत बसली, मी चहा करत राहिले. चांगलं झालं. अशा गप्पा आमच्या पिढीने पन्नास वर्षांपूर्वी मारल्या असत्या तर त्या दादीला उठून जावं लागलं नसतं.

त्यातूनच या वर्षीची नवी गोष्ट निघाली. शीख रेजिमेंटचं केंद्र झारखंडमध्ये रामगढला आहे. तिथे डबा नाही, पण नळदुर्गच्या मुलांचं एक पत्र पाठवायचं ठरलं, गुरुमुखीत लिहून. हायवेवरच्या ढाब्याचे सरदारजी लिहून द्यायला तयार झाले. कच्चा मजकूर हिंदीत करताना पहिल्याच वाक्याला अर्धा तास भांडण. "बचित्तर सिंग यांनी आमच्या गावासाठी प्राण दिले" असं एका मुलाने लिहिलं होतं. चटणीवालीने "आमच्या गावासाठी" खोडलं आणि "आमच्या गावाजवळ" केलं. तो म्हणाला, काय फरक पडतो? ती म्हणाली, पडतो. बाकीच्यांनी मत द्या म्हणून माझ्याकडे पाहिलं, मी डाळ्याचा चिवडा निवडत होते, निवडतच राहिले.

शेवटी "आमच्या गावाजवळ" हेच राहिलं. सरदारजींनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि विचारलं, ती जागा नेमकी कुठे आहे? मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. येत्या रविवारी ती सगळी किल्ल्याच्या बाजूने नदीकाठाने फिरून, जुन्या माणसांना विचारत, शोधायला जाणार आहेत. सरदारजी ढाबा मुलाकडे सोपवून येतो म्हणाले आहेत. कडक भाकरी आणि चटणी बांधून द्यायची आहे, लसणाची वेगळी, बिनलसणाची वेगळी.